तिचा छत्री विमा

माझ्या मैत्रिणीच्या कॅन्टीनची बासुंदी खाऊन दोनशेच्या वर माणसं आजारी पडली, ही बातमी मला सकाळी साडेदहाला कळली. एका बारशाच्या जेवणासाठी मी तेव्हा वांगी चिरून घेत होते. फोन ठेवला, हात धुतले, स्वतःसाठी कपभर चहा टाकला आणि खुर्ची ओढून बसून प्यायले. कामाच्या वेळी मी कधी बसून चहा पीत नाही. त्या दिवशी प्यायले. मला बरं वाटलं होतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही.

बरं का वाटलं, ते सांगायचं तर थोडं मागे जायला हवं.

आम्ही दोघी उचगावात शेजारी राहत होतो. ती हुपरीची, घरातच चांदीची पैंजणं घडवणाऱ्या कुटुंबातली. मी कागलजवळच्या एका शेतकरी घरातली. लग्न होऊन दोघी एकाच गल्लीत आलो आणि दोघींचे नवरे बेताच्या पगारावर होते, म्हणून माझ्या स्वयंपाकघरात आम्ही डबे करायला सुरुवात केली. भाजी मी करायची, चपात्या ती लाटायची. माझ्या भाजीला चव होती. हे मी म्हणत नाही, गिऱ्हाईकं म्हणायची. तिचा गुण वेगळा होता. कोणत्या डब्यात किती चपात्या गेल्या, कुणाला लसूण चालत नाही, कुणाचा डबा मंगळवारी बंद, सगळं ती एका वहीत लिहायची. मी तिला हसायचे.

सात वर्षं आम्ही तशी काढली. मग कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं कॅन्टीन चालवायला देणार असल्याचं तिला कळलं. तीन पाळ्या, आठशे माणसं. ती अर्ज घेऊन आली. वीस-बावीस पानं होती. काही बिघडलं तर जबाबदारी आमची, असं पानापानावर लिहिलेलं.

“मी न्हाय सही करणार,” मी म्हणाले. “हायती त्ये डबे बरं हायती.”

“अगं, बघ तरी वाचून.”

“तूच वाच. तूच कर.”

आणि तिनं केलं. माझ्यावर कुणी अन्याय केला असता तर मला सोपं गेलं असतं. पण तिनं मला विचारलं होतं, दोनदा विचारलं होतं, आणि नको मीच म्हणाले होते. पुढं कधीही तिचा टेम्पो रस्त्यानं जाताना दिसला की मला हे आठवायचं. आधी एक टेम्पो होता, मग तीन झाले, मग पाच. गोकुळ शिरगावच्या बाजूला तिनं जागा घेऊन मोठं स्वयंपाकघर बांधलं. पीठ मळायचं यंत्र, चपात्यांचं यंत्र, माणूस आत उभा राहील एवढी कोल्ड रूम. उद्घाटनाला मी गेले, सगळ्यांसमोर तिला मिठी मारली आणि घरी येऊन दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. मी बारशी, डोहाळजेवणं, साखरपुडे करत राहिले. माझी भाजी अजूनही तिच्यापेक्षा चांगली होती. पण ते आता कुणी म्हणत नव्हतं, कारण कुणी तुलनाच करत नव्हतं.

मग तिला आणखी एक कंपनी मिळाली, परदेशातल्या मालकांची. त्यांची अट होती की विम्याची कागदं दाखवल्याशिवाय कंत्राट नाही. एके दुपारी तिचा फोन आला.

“राजारामपुरीतनं एक विमा सल्लागार येणार हाय. तूबी ये की. दोघी मिळून ऐकू.”

मी गेले ते तिचं ऑफिस बघायला. थंडगार हवा, काचेचं टेबल. सल्लागार साठीचे, हडकुळे, शांत बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी कागदावर तीन चौकोन काढले.

“तुमच्या आवारात कुणी घसरून पडलं, तर ही एक पॉलिसी. तुमच्या जेवणानं कुणाला बाधा झाली, तर ही दुसरी. तुमच्या कामगाराला इजा झाली, तर ही तिसरी. प्रत्येकीला मर्यादा आहे. समजा पन्नास लाख. उद्या कुणी दोन कोटींचा दावा लावला आणि कोर्टानं तो मानला, तर पन्नास लाख विमा कंपनी देईल. वरचे दीड कोटी कुणी द्यायचे?”

“मी,” मैत्रीण म्हणाली.

“तुम्ही. टेम्पो विकून, ही जागा विकून, राहतं घर विकून. म्हणून ही चौथी.” त्यांनी तिन्ही चौकोनांवर एक मोठी कमान काढली. “हिला अम्ब्रेला म्हणतात. छत्री म्हणा. खालच्या पॉलिसीचे पैसे संपले की ही सुरू होते. तुम्हाला पाच कोटींची पुरेल.”

“आणि खालची भरायची राहून गेली असंल तर?” मैत्रिणीनं विचारलं.

“तर ते पहिले पन्नास लाख तुमचे तुम्ही भरायचे. छत्री त्याच्या वरूनच मोजायला सुरुवात करते. त्यामुळं खालच्या तिन्ही कायम चालू ठेवायच्या. सरकारनं दंड केला तर तो यातून मिळत नाही. मुद्दाम केलेल्या गोष्टीला हे नाही. आणि काही घडलं की त्याच दिवशी कळवायचं. लपवायचं काही नाही.”

ती वहीत लिहून घेत होती. मला बोलल्याशिवाय राहवलं नाही.

“माझ्या हातचं खाऊन आजवर कुणी दवाखान्यात गेलं न्हाय.”

“माझ्याबी न्हाय गेलं,” ती म्हणाली. “पण आता रोज दीड हजार ताटं जात्यात. त्यात माझा हात कुठं राहिलाय?”

मी हसून घेतलं. पण परत येताना बसमध्ये मला त्या पाच कोटींनी पोखरलं. विम्याचा हेवा कुणी करतं का? मी केला. तिच्या धंद्यानं कुणाचं तरी पाच कोटींचं नुकसान होऊ शकतं, इतका तो मोठा झाला होता. मी ठरवून जरी कुणाचं नुकसान करायला निघाले असते तरी माझ्याच्यानं पाच लाखांच्या वर गेलं नसतं. पुढं कितीतरी दिवस मी ओळखीच्या बायकांना सांगत होते, “पावसाळ्याची छत्री ऐकलीया, हिनं जेवणाची घेतलीया.” बायका हसायच्या. मला तेवढंच समाधान.

त्यानंतर दीडेक वर्षानं ती बासुंदी झाली. त्या कंपनीचा वर्धापनदिन होता आणि कामगार कुटुंबासह जेवायला आले होते. संध्याकाळपासूनच माणसं उलट्या-जुलाबानं बेजार झाली. बहुतेक जण दोन-तीन दिवसांत घरी आले. दहा-अकरा जण जास्त दिवस राहिले. आणि एका कामगाराच्या बायकोच्या किडन्या कामातून गेल्या. पस्तिशीची बाई. ती वाचली, पण आठवड्यातून दोनदा डायलिसिस तिच्या वाट्याला आलं.

मी दवाखान्यात गेले तेव्हा मैत्रीण वॉर्डात एका खाटेपासून दुसऱ्या खाटेपर्यंत जात होती. कुणी बोलत होतं, कुणी तोंड फिरवत होतं. एका म्हाताऱ्यानं तिला सगळ्यांदेखत शिव्या घातल्या. ती हात जोडून उभी राहिली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या हातात खोटेपणा होता असं नाही. पण मनात मी दुसराच हिशेब मांडत होते. आता हिचं स्वयंपाकघर जाणार, टेम्पो जाणार, आणि ही माझ्याकडं येणार. खिडकीजवळचा ओटा तिला द्यायचा, तिथं उजेड चांगला येतो, हेसुद्धा माझं ठरून गेलं होतं.

अन्न खात्यानं तिच्या स्वयंपाकघराला टाळं लावलं. कंत्राट गेलं. त्या हंगामात तिनं घेतलेल्या चार लग्नांच्या जेवणांची कामं माझ्याकडं आली. आणि पाठोपाठ तिचा आचारी काम मागायला आला.

त्याला मी ठेवून घेतलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कांदा परतता परतता तो बोलला.

“आदल्या दिवशी कोल्ड रूम बंद पडल्याली. दुपारभर. मिस्त्री आला, चालू केली. मी बाईंना म्हणालो, ह्ये दूध टाकून देऊया. त्यांनी झाकण काढून वास घेतला. म्हणल्या, चांगलं हाय, नीट उकळून घे.”

“असं म्हणाली ती?”

“व्हय. मी उभा हुतो की तिथंच.”

ते मी मनात ठेवलं. तोंडात गोळी ठेवावी आणि हळूहळू चोखावी तसं कितीतरी दिवस. दरम्यान तिच्यावर दावे आले. दवाखान्यांची बिलं आणि पहिल्या तडजोडी यातच पन्नास लाखांची पॉलिसी संपली, आणि छत्रीवाल्या कंपनीनं पुढचं काम हातात घेतलं. वकीलसुद्धा त्यांनीच दिला. किडनीवाल्या बाईचा एकटीचा दावा कोटीच्या वर होता. पण तोही छत्रीच्या पाच कोटींत बसत होता, म्हणजे मैत्रीण वाचणार होती. घर वाचणार, जागा वाचणार. मला ते सहन होईना.

सल्लागारांकडून नंबर मिळवून मीच विमा कंपनीच्या चौकशी अधिकाऱ्याला फोन केला. मला काही माहिती द्यायची आहे म्हणाले. तो पुण्याहून आलेला, चाळिशीचा माणूस. माझ्या स्वयंपाकघरात आला, चहा घेतला आणि फाईल मांडीवर ठेवून म्हणाला, “बोला.”

मी सगळं सांगितलं. कोल्ड रूम, मिस्त्री, झाकण, वास. सांगताना माझा आवाज अगदी समंजस होता. त्या बाईला न्याय मिळायला हवा, असंही मी दोनदा म्हणाले. त्यानं काहीच लिहून घेतलं नाही. फाईलची चार पानं उलटली.

“कोल्ड रूम सकाळी साडेअकराला बंद, दुपारी पावणेतीनला चालू. ऐंशी लिटर दूध आत होतं. आचाऱ्यानं टाकून द्या सांगितलं, मी वास घेऊन वापरायला सांगितलं, चूक माझी आहे.” त्यानं मान वर केली. “हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्वतःच्या हातानं लिहून दिलंय.”

“मग... तरीबी तुम्ही पैसे देणार?”

“चूक झाली म्हणून तर दावा आला ना? चुका होतात म्हणूनच जबाबदारीचा विमा असतो. त्यांनी मुद्दाम केलेलं नाही. लपवलं असतं आणि तुमच्याकडून हे आम्हाला कळलं असतं, तर मात्र त्यांची फार अडचण झाली असती.” त्यानं फाईल मिटली. “आपण त्यांच्या कोण?”

“मैत्रीण.”

तो अर्धा चहा तसाच ठेवून गेला. मी ती कपबशी विसळत किती वेळ उभी होते कोण जाणे. शरम वाटली, हे खरं. पण त्याहून जास्त राग आला, तिचाच. मी एवढं जपून ठेवलेलं तिनं पहिल्याच दिवशी देऊन टाकलं होतं. आणि मी तिच्या जागी असते तर? दुधाचा वास मीही घेतला असता. ऐंशी लिटर दूध मोरीत ओतायला माझाही हात धजला नसता. पण ते कागदावर लिहून दिलं असतं का? नसतं. हे मला माहीत होतं, म्हणूनच राग होता.

सगळं मिटायला दोन वर्षं लागली. सरकारी दंड तिनं स्वतःच्या खिशातून भरला, त्यासाठी दोन टेम्पो विकले. बाकीची भरपाई विम्यातून गेली. ती माझ्याकडं काम मागायला कधीच आली नाही. तिच्या स्वयंपाकघराचं टाळं निघालं आणि थोड्या महिन्यांत तिला दुसऱ्या एका कारखान्याचं काम मिळालं. एवढं घडूनही हिची कागदं चोख, लोकांची भरपाई देऊन मोकळी झालेली, असं म्हणे तिथला मॅनेजर म्हणाला. हे मला ज्यानं सांगितलं त्याच्याशी मी नंतर आठ दिवस फटकून वागले.

आणि मग मीही राजारामपुरीत गेले. सल्लागारांच्या ऑफिसचा जिना चढून सरळ म्हणाले, “मलाबी छत्री पायजे.”

“खालची पॉलिसी कुठली आहे?”

“खालची न्हाय. एकदम वरचीच द्या.”

ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. “बाई, ती कशावर उभी करू? आधी जेवणाची जबाबदारी पॉलिसी घ्या. तुम्ही दोनशे-तीनशे पानांची जेवणं करता. तुम्हाला सध्या तेवढी पुरे. छत्रीची गरज नाही अजून.”

अजून. पन्नाशी उलटलेल्या बाईला कुणी अजून म्हणावं! पण पॉलिसी मी घेतली. कागद घरी आणून तीनदा वाचला. आयुष्यात पहिल्यांदा असला कागद मी शेवटपर्यंत वाचला असेन.

काही दिवसांनी तीच माझ्या दारात आली. तिचं चपात्यांचं यंत्र कमी पडत होतं. रोज सहाशे चपात्या मी करून द्याव्यात, असं तिचं म्हणणं.

“पण तुझी पॉलिसी लागंल. कंपनी मागत्या.”

मी आतून कागद आणून तिच्यापुढं टाकला. कधी नव्हे ते ताठ मानेनं. तिनं चष्मा लावून पानन्‌पान वाचलं, कशाला लागू नाही तो भागसुद्धा. मग चष्मा काढत म्हणाली,

“तो पुण्याचा चौकशीवाला. तुझ्याकडं आलता न्हवं?”

“आलता.”

“त्यो आपणहून आलता का तू बोलवल्यालं?”

खोटं बोलायला वेळ होता. का कोण जाणे, बोलता आलं नाही.

“मी बोलवलं. कोल्ड रूमचं सांगितलं.”

तिनं चष्मा मिटून डबीत ठेवला.

“मला कळलं हुतं,” ती म्हणाली. “आचारी तुझ्याकडं आला तवाच वाटलं हुतं. लई दिस मी इचार केला, तुझ्या जागी मी असतो तर काय केलं असतं.”

“मग?”

“न्हाय सांगता येत.”

एवढंच. भांडली असती तर मला बरं झालं असतं. आम्ही चपात्यांचा भाव ठरवला. उठताना म्हणाली, “मी त्या बाईकडं चाललोय. डायलिसिसवाल्या. येतीस?”

“अजून जातीस तू तिच्याकडं? पैसं मिळालं की तिला सगळं.”

“मिळालं. कंपनीनं दिलं. पण दुधाचा वास मी घेतल्याला, कंपनीनं न्हाय. महिन्यातनं एकदा जातो.”

मी गेले. कशाला गेले, नीट सांगता येणार नाही. कागलकडच्या एका वाडीतलं दोन खोल्यांचं घर. वाटेत तिनं सांगितलं, पहिल्यांदा आली तेव्हा सासूनं तोंडावर दार लावलं होतं. दुसऱ्या वेळीही. तिसऱ्या वेळी सून स्वतः उठून आली आणि म्हणाली, उन्हात का उभ्या, आत या.

त्या दिवशी सासूनंच स्टूल पुढं केलं. एकच होतं, ते मैत्रिणीला दिलं. मी दाराशी चटईवर बसले. बाईच्या हातावर सुयांच्या खुणा होत्या, चेहरा सुजलेला. पाणी मोजून प्यायचं होतं, म्हणून ती आमच्यासाठी केलेला चहा नुसता बघत होती. दोघी बोलत होत्या ते त्या बाईच्या मुलीच्या बारावीबद्दल, शेजारच्या म्हशीबद्दल, दवाखान्यातल्या एका चिडक्या नर्सबद्दल. दुधाचा, कोर्टाचा, पैशाचा विषय निघाला नाही. एकदा तर दोघी हसल्या, आणि बाईनं हसता हसता तिचा हात धरला.

मी त्या हातांकडं बघत होते. मला कळत होतं की इथं हेवा करण्यासारखं काही नाही. इथं एका बाईचं आयुष्य अर्धं झालं होतं आणि दुसरीच्या जिवाला ते जन्मभर लागून राहणार होतं. तरीही हेवा वाटलाच. माझ्या हातचं जेवून हजारो माणसं उठली असतील, पण माझ्याकडं अशी वाट बघत कुणी बसलेलं नाही.

निघताना बाई दारापर्यंत आली. चौकटीला धरून उभी राहिली.

“फुडल्या म्हयन्यात कधी येताय?” तिनं मैत्रिणीला विचारलं.

“पंचमीच्या आधी,” ती म्हणाली, आणि पिशवीतली वही काढून लिहून घेतलं. मग माझ्याकडं वळली. “तूबी येणार काय? सांग, म्हंजे तुझंबी लिवतो.”

मी ‘बघतो’ म्हणाले आणि चपला घालायला खाली वाकले.